बर्फाला आकार देणाऱ्या मार्शलबाई

उन्हाळ्याची चाहूल लागली की घरोघरच्या फ्रीझरमध्ये हौशी प्रयोग सुरू होतात. पुदिन्याचे पान किंवा डाळिंबाचे दाणे घालून गोठवलेले बर्फाचे खडे, गुलाबाच्या पाकळ्या आत अडकलेला बर्फाचा वाडगा, फुलापानांच्या साच्यातून अलगद सुटलेले आमरसाचे आइस्क्रीम. पाहुण्यांपुढे असे काही आले की क्षणभर कोणी चमचा लावायला धजत नाही. साचे कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात, गारठा विजेच्या बटणावर मिळतो. उरतो तो थोडा धीर आणि थोडी कल्पकता.

यातले काहीच हाताशी नसताना, खाता येईल असा नक्षीदार बर्फ घरच्या स्वयंपाकघरात कसा करावा, हे ज्यांनी हजारो बायकांना पद्धतशीर शिकवले त्या अ‍ॅग्नेस मार्शल व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या लंडनच्या. इंग्लंडमध्ये त्यांना बर्फाची राणी म्हणत. पाकशास्त्राच्या लेखिका म्हणून त्या काळी त्यांच्याहून मोठे नाव एकच होते, ते म्हणजे इझाबेला बीटन यांचे. तरीही मृत्यूनंतर पन्नास वर्षांच्या आत मार्शलबाईंचे नाव असे पुसले गेले की पुढे अभ्यासकांना ते जुन्या जाहिराती आणि नोंदवह्या धुंडाळून पुन्हा उभे करावे लागले.

त्यांचा जन्म १८५० च्या दशकातला, पूर्व लंडनच्या परिसरातला. माहेरचे आडनाव स्मिथ. बालपणाविषयी त्यांनी फारसे काही लिहून ठेवले नाही. स्वयंपाकाचे शिक्षण आपण पॅरिसमध्ये, शिवाय इंग्लंड आणि ऑस्ट्रियातल्या नामवंत आचाऱ्यांच्या हाताखाली घेतले, असे त्या सांगत. १८७८ मध्ये लंडनच्या हॅनोव्हर स्क्वेअरमधील सेंट जॉर्ज चर्चमध्ये अल्फ्रेड मार्शल यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे चार मुले झाली. एवढा तपशील त्या काळच्या कोणत्याही मध्यमवर्गीय इंग्रज गृहिणीच्या चरित्रात शोभला असता. वेगळेपण सुरू होते ते जानेवारी १८८३ पासून.

त्या महिन्याच्या १ तारखेला इंग्लंडमध्ये विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा नवा कायदा अमलात आला. तोपर्यंत लग्न झालेल्या स्त्रीची कमाई आणि मालमत्ता कायद्याने बव्हंशी नवऱ्याच्या ताब्यात जात असे. आता तिला स्वतःच्या नावावर मालमत्ता बाळगण्याची आणि व्यवसाय करण्याची मुभा मिळाली. त्याच महिन्यात लंडनच्या मॉर्टिमर स्ट्रीटवर मार्शलबाईंची पाकशाळा सुरू झाली. नवीन कायद्याचे अर्थ वकील मंडळी अजून लावत होती, तोवर या बाईंनी दुकानावर पाटी लावलीसुद्धा!

पाकशाळा पाहता पाहता भरभराटीला आली. आठवड्यातले पाच-सहा दिवस वर्ग चालत आणि वर्षभरातच एका वेळी चाळीसेक विद्यार्थी समोर बसू लागले. उंची फ्रेंच पाकक्रिया शिकवायला पॅरिसच्या नामांकित संस्थेतून शिकून आलेले शिक्षक होते. आपल्याला गंमत वाटेल ती दुसऱ्या एका वर्गाची. हिंदुस्थानात नोकरी करून परतलेले एक इंग्रज कर्नल तेथे करी कशी करावी यावर व्याख्याने देत. शाळेला जोडून स्वयंपाकी आणि नोकरचाकर पुरवणारी कचेरी होती आणि भांडी व जिन्नस विकणारे दुकानही. शिकायला या, शिकलेला स्वयंपाकी येथूनच न्या आणि त्याला लागणारे सामानही येथेच घ्या, असा सगळा एका छपराखालचा मामला होता.

बर्फ या सगळ्यात कोठून आला, हे समजण्यासाठी त्या काळचे लंडन थोडे डोळ्यांपुढे आणायला हवे. कृत्रिम बर्फाचे कारखाने नुकते कोठे उभे राहू लागले होते. बराचसा बर्फ नॉर्वेतल्या गोठलेल्या तळ्यांतून कापून, जहाजाने आणून, शहरातल्या खोल विहिरींत साठवला जाई. कार्लो गाटी या स्विस व्यापाऱ्याने किंग्ज क्रॉसजवळ अशा प्रचंड बर्फविहिरी बांधल्या होत्या. त्याच शतकात आपल्या मुंबईतही अमेरिकेतून जहाजाने बर्फ येत असे. बर्फ मिळत होता, पण त्याचे सुंदर पदार्थ करणे ही बड्या घरच्या मुदपाकखान्यातल्या पुरुष आचाऱ्यांची आणि पेढीवाल्या हलवायांची मिरास होती. दुसऱ्या टोकाला रस्त्यावरच्या हातगाडीवर, बहुधा इटालियन विक्रेत्यांकडून, पेनीला मिळणारे आइस्क्रीम होते. ते जाड बुडाच्या काचेच्या चिमुकल्या पेल्यात देत. गिऱ्हाईकाने चाटून तो परत करायचा, विक्रेत्याने कसाबसा विसळून पुढच्याला द्यायचा. क्षयरोगाच्या भीतीने शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये या पेल्यांवर बंदी आली.

सरदारांचे मेज आणि हातगाडी यांच्या मधली जागा रिकामी होती. पाहुण्यांना जेवायला बोलावणारी, एखाद-दुसरा नोकर बाळगणारी मध्यमवर्गीय घरे त्या जागेत बसत. मार्शलबाईंनी नेमकी ती जागा हेरली.

१८८५ मध्ये त्यांनी केवळ गोठवलेल्या पदार्थांवरचे छोटेखानी पुस्तक काढले. साधे आणि नक्षीदार अशा दोन्ही तऱ्हांचे बर्फ त्यात होते. पाककृतींच्या पुस्तकात सहसा न दिसणारा रोखठोकपणा या पुस्तकात आहे. आइस्क्रीमच्या मूळ कस्टर्डचे त्यांनी सरळ चार दर्जे पाडले. अतिशय उंची हवे तर एक पाइंट साय, पाव पौंड साखर आणि आठ अंड्यांचे बलक. नेहमीचे हवे तर सायीऐवजी तितकेच दूध, बाकी सारे तेच. साधे हवे तर दुधात बलकांऐवजी दोन अख्खी अंडी. आणि स्वस्त हवे तर अंडी अजिबात नकोत, अर्धा औंस कॉर्नफ्लोअर किंवा आरारूट पुरे. (पाइंट म्हणजे अर्ध्या लिटरहून थोडे अधिक, पाव पौंड म्हणजे ११३ ग्रॅम.) स्वस्त हा शब्द छापायला त्यांना संकोच वाटला नाही. ज्या घरात सायीचे पैसे नाहीत त्या घरालाही साच्यातून निघालेले देखणे आइस्क्रीम मेजावर मांडता यावे, हा हिशेब त्यामागे उघड दिसतो. चारही दर्जांत साखर मात्र बदलत नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

त्याचे कारणही बाईंनी नियमातच देऊन ठेवले होते. साखर जास्त झाली तर मिश्रण नीट गोठत नाही, कमी झाली तर दगडासारखे कडक होते. साखर पाण्याचा गोठणबिंदू खाली ओढते, हे आज शाळेतली मुलेही सांगतील. स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या बाईला एवढेच कळायला हवे होते की प्रमाण सोडायचे नाही. दुसरा नियम असा की नुसत्या फोडलेल्या बर्फाने आइस्क्रीम गोठत नाही, त्यात खडे मीठ घालावेच लागते. हातपॉटचे आइस्क्रीम ज्यांनी अंगणात बसून फिरवले आहे त्यांना हे नव्याने सांगायला नको. मीठ बर्फाला वितळवते, वितळताना बर्फ आजूबाजूची उष्णता शोषून घेतो आणि मिश्रण शून्याच्या पुष्कळ खाली उतरते. तीन भाग बर्फाला एक भाग मीठ या प्रमाणात हा गारठा तत्त्वतः उणे २१ अंश सेल्सियसपर्यंत जाऊ शकतो. आपल्या घरच्या फ्रीझरचा गारठा सर्वसाधारणपणे उणे १८ अंश असतो. म्हणजे मीठ आणि बर्फ यांच्या जोरावर मार्शलबाईंच्या विद्यार्थिनींना आपल्या फ्रीझरच्या तोडीचा गारठा हाताशी होता.

फ्रीझर हा शब्द त्या वापरतही असत, पण तो हाताने फिरवायच्या यंत्राला. त्याच १८८५ मध्ये त्यांच्या यंत्राला पेटंट मिळाले. प्रचलित यंत्रात उंच, अरुंद डबा बर्फ-मिठाच्या बादलीत बसवलेला असे आणि त्याच्या चहूबाजूंनी बर्फ ठासून भरावा लागे. मार्शलबाईंचे भांडे उथळ आणि रुंद होते. बर्फ आणि मीठ फक्त त्याच्या बुडाखाली घालायचे. मिश्रणाचा थर पातळ राहतो आणि मोठा पृष्ठभाग गारठ्याला टेकतो, त्यामुळे एक पाइंट आइस्क्रीम पाचेक मिनिटांत तयार होत असे. जाहिरातीतले दावे आपण हातचे राखून वाचतो, पण हा दावा खरा होता. सुमारे शंभर वर्षांनी अभ्यासकांनी एक जुने यंत्र चालवून पाहिले, तेव्हा त्याचा वेग पाहून ते चकित झाले. या वेगाला चवीच्या दृष्टीने फार महत्त्व आहे. मिश्रण जितके झटपट गोठेल तितके बर्फाचे स्फटिक बारीक राहतात आणि आइस्क्रीम जिभेला रेशमी लागते. सावकाश गोठले की ते खरखरीत होते. घरच्या फ्रीझरमध्ये न ढवळता ठेवलेले आइस्क्रीम दाताखाली कचकचते, त्याचे कारण हेच.

यंत्राच्या जोडीला गुहा या नावाची एक पेटी त्या विकत. दुहेरी भिंतींच्या या पेटीत भिंतींमधल्या पोकळीत बर्फ आणि मीठ भरायचे आणि आतल्या कप्प्यांत भरलेले साचे ठेवायचे. विजेवाचूनचा तो डीप फ्रीझरच म्हणायचा.

आणि साचे! मार्शलबाईंचा खरा जीव साच्यांत होता. १८८६ मध्ये त्यांनी निव्वळ साच्यांची सचित्र सूची प्रसिद्ध केली. शेकडो आकार होते. माथ्यावर फळांची रास असलेले खांब, टोपल्या, एकेक फळ, इतकेच काय, शतावरीचे कोवळे कोंबसुद्धा. दोन भागांचे, बिजागरी लावलेले साचे कथील आणि शिसे यांच्या मिश्रधातूचे असत. हिरवट-पांढरे आइस्क्रीम अशा साच्यांत गोठवून त्या कोंबांची जुडी रेशमी फितीने बांधून ताटात ठेवली की जेवण नुकते सुरू झाले की संपत आले, असा पाहुण्याला प्रश्न पडावा.

साच्यातून नक्षी जशीच्या तशी उतरावी यासाठीची त्यांची रीत आजही तंतोतंत लागू पडते. मिश्रण पातळ असताना साच्यात ओतायचे नाही आणि पूर्ण घट्टही होऊ द्यायचे नाही. आधी यंत्रात फिरवून ते भज्यांच्या दाट पिठाइतके सरसरीत करायचे आणि मग साच्यात दाबून भरायचे. तसे केल्याने ते नक्षीच्या कानाकोपऱ्यांत शिरते आणि हवेची पोकळीही राहत नाही. साचा बंद करून दीड-दोन तास बर्फ-मिठात ठेवायचा. काढताना गरम पाण्याचा मोह टाळायचा. गार पाण्यात क्षणभर बुडवला की आतला पदार्थ जेलीसारखा सुटतो आणि नक्षीच्या धारा बोथट होत नाहीत. आज सिलिकॉनच्या साच्यातला गुलाब पाकळ्या तुटून बाहेर येतो तेव्हा दोष बहुधा साच्याचा नसतो. एकतर मिश्रण पुरते गोठलेले नसते किंवा काढणाऱ्याला घाई झालेली असते.

रंगाच्या बाबतीत त्या सावध होत्या. फळांच्या बर्फाला त्या त्या फळाचा रंग द्यावा, असे त्या सांगत. पण त्या काळी बाजारातल्या मिठाईचे रंग भरवशाचे नसत, जस्त, तांबे आणि शिसे यांचे विषारी क्षारही त्यात सापडत. बाईंनी स्वतःच्या नावाचे निर्धोक वनस्पतिजन्य रंग विक्रीला आणले. अर्थात यात लोककल्याण किती आणि दुकानदारी किती, हे सांगणे अवघड आहे. त्यांची कोणतीही पाककृती उघडा, जिलेटिन घ्यायचे ते मार्शलचे, बेकिंग पावडर मार्शलची, करी पावडरसुद्धा मार्शलचीच! पाककृतीच्या आडून माल खपवण्याची ही युक्ती आता दूरचित्रवाणीवरच्या कार्यक्रमांनी आपल्या अंगवळणी पडली आहे. त्या काळी ती नवी होती, आणि एका स्त्रीने ती इतक्या सराईतपणे वापरावी हे अनेकांना रुचले नसेल. मला स्वतःला यात खटकण्यासारखे काही वाटत नाही. ज्या पदार्थाचा सारा डोलारा मोजमापावर उभा आहे, त्यात जिन्नसांचा दर्जा एकसारखा असावा हा आग्रह शास्त्रालाही धरून होता.

चवींच्या बाबतीत बाई धीट होत्या. काकडीचे आइस्क्रीम, ब्राउन ब्रेडचे आइस्क्रीम, पालकाचा बर्फ आणि चक्क करीचा गोठवलेला सुफ्ले त्यांच्या संग्रहात सापडतो. या शेवटच्या पदार्थाला रिपन हे नाव जोडलेले आहे. हिंदुस्थानचे व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांची कारकीर्द १८८४ मध्ये संपली होती, हे वाचकांना आठवत असेलच.

जून १८८६ पासून त्यांचे स्वतःचे साप्ताहिक सुरू झाले. दर आठवड्याला नव्या पाककृती आणि जोडीला बाईंचे परखड लेख असत. स्वयंपाकघरात राबणाऱ्यांची स्थिती, अन्नातली भेसळ, स्वच्छता अशा विषयांवर त्या लिहीत. १८८८ मध्ये त्यांचे मोठे पाकशास्त्र प्रसिद्ध झाले आणि त्याच्या ६०,००० हून अधिक प्रती खपल्या. त्याच सुमारास मदतनिसांचा ताफा घेऊन त्या दौऱ्यावर निघाल्या. बर्मिंगहॅम, मँचेस्टर, लीड्स, न्यूकॅसल, ग्लासगो आणि मग लंडन. भरलेल्या सभागृहात शेकडो प्रेक्षकांसमोर संपूर्ण भोजन रांधून दाखवायचे, असा तो कार्यक्रम होता. नाटकाला जावे तसे लोक तिकीट काढून बाईंचा स्वयंपाक पाहायला जात. अमेरिकेतही त्या जाऊन आल्या. फिलाडेल्फियातल्या व्याख्यानाचे कौतुक झाले, पण मायदेशासारखी लोकप्रियता तेथे लाभली नाही.

१८८८ च्या त्याच पुस्तकात एक छोटीशी कृती आहे, जिच्यामुळे आज त्यांचे नाव पुन्हा घेतले जाते. बदामाच्या पिठाची पातळ चकती भाजायची, गरम असतानाच तिला शंकूचा आकार द्यायचा आणि त्यात सायीचे सारण भरायचे. १८९४ मध्ये नक्षीदार बर्फावरचे त्यांचे दुसरे पुस्तक आले, त्यात असे शंकू आइस्क्रीमने भरलेले दिसतात. आइस्क्रीमच्या कोनाचा जन्म १९०४ च्या सेंट लुईस जत्रेत झाला, ही कहाणी सर्वांना ठाऊक आहे. मार्शलबाईंचे पुस्तक त्याआधी दहा वर्षांचे. मात्र त्यांचा कोन हातात धरून रस्त्याने चाटत जाण्याचा नव्हता. तो ताटलीत मांडून, काट्या-चमच्याने खाण्याचा शोभिवंत पदार्थ होता. कोनाच्या जनक म्हणून त्यांच्या नावाचा जयघोष करणाऱ्यांनी हा फरक ध्यानात ठेवलेला बरा.

त्यांच्या बुद्धीची झेप दाखवणारा प्रसंग वेगळाच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जेम्स ड्यूअर हे शास्त्रज्ञ द्रवरूप हवेचे प्रयोग श्रोत्यांना दाखवत असत. ऑगस्ट १९०१ मध्ये मार्शलबाईंनी आपल्या साप्ताहिकात सुचवले की मेजवानीत प्रत्येक पाहुण्यासमोर आइस्क्रीमचे मिश्रण ठेवावे, नोकराने त्यात द्रवरूप हवेचे काही थेंब टाकावेत आणि पाहुण्याने चमच्याने ढवळून आपले आइस्क्रीम आपणच तयार करावे. त्या लेखात त्यांनी द्रवरूप ऑक्सिजनचा उल्लेख केला होता. तो आगीला निमंत्रण देणारा, म्हणून स्वयंपाकघरात सर्वथा वर्ज्य. पण त्याच्या जागी उणे १९६ अंशांचा द्रवरूप नायट्रोजन ठेवला की आजच्या महागड्या उपाहारगृहांत पांढऱ्या धुराच्या लोटांत होणारे आइस्क्रीम समोर येते. झटपट गोठवा म्हणजे मऊ होईल, या त्यांच्या १८८५ च्या यंत्रातल्या तत्त्वाचेच ते पुढचे टोक होते.

व्यवसायाच्या धबडग्यात त्यांनी गरिबांकडे पाठ फिरवली नव्हती. लंडनच्या स्टेपनी आणि पॉपलर या दरिद्री वस्त्यांत नाताळच्या जेवणाची सोय त्यांनी केली होती. लंडनबाहेर पिनर येथे त्यांचे टुमदार घर होते आणि त्यांना घोडेस्वारीचा शौक होता. १९०४ मध्ये घोड्यावरून पडून त्या जबर जखमी झाल्या आणि त्यातून पुरत्या सावरल्याच नाहीत. २९ जुलै १९०५ रोजी पिनरच्या घरी त्यांचे निधन झाले. त्यांची रक्षा तेथील दफनभूमीत ठेवण्यात आली. अल्फ्रेड यांनी वर्षभरातच दुसरे लग्न केले. १९१७ मध्ये तेही फ्रान्समध्ये वारले.

पुढची कहाणी मन विषण्ण करणारी आहे. इझाबेला बीटन १८६५ मध्ये अवघ्या २८ व्या वर्षी गेल्या. पण वॉर्ड लॉक या प्रकाशन संस्थेने त्यांच्या पुस्तकाच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या काढल्या आणि लेखिका जणू हयात आहे अशा थाटात त्यांचे नाव पिढ्यान् पिढ्या इंग्रज घरांत नांदते ठेवले. मार्शलबाईंच्या पुस्तकांचे हक्क १९२० च्या दशकाच्या अखेरीस विकले गेले, ते नेमके याच वॉर्ड लॉककडे. ज्यांच्या हाती एक नाव सोन्याचे नाणे होऊन खेळत होते, त्यांना दुसऱ्या नावाची गरज भासली नाही. मार्शलबाईंची पुस्तके हळूहळू बाजारातून दिसेनाशी झाली. शाळा आणि दुकान कंपनीच्या रूपाने १९५० च्या दशकापर्यंत कसेबसे तग धरून होते, मग तेही मिटले. पहिल्या महायुद्धानंतर घरात नोकरचाकर राहिले नाहीत, खांबांच्या आणि टोपल्यांच्या आकाराचे बर्फ करायला वेळ उरला नाही, हेही खरेच. पण बीटनबाईंच्या पुस्तकातले जगही तितकेच जुने झाले होते. ते पुस्तक टिकले, कारण कोणीतरी ते छापत राहिले.

विसाव्या शतकाच्या अखेरीस काही खाद्य-इतिहासकार आणि एक पदार्थवैज्ञानिक यांनी मिळून मार्शलबाईंचा माग काढला. १९९८ मध्ये त्यांच्या चरित्रासह १८८५ चे ते छोटे पुस्तक पुन्हा छापले गेले. तेव्हापासून जुन्या बाजारात त्यांच्या साच्यांचे भाव चढत गेले. हौसेने असा साचा कोणी विकत घेतलाच, तर तो कपाटात मांडण्यापुरताच घ्यावा. त्या मिश्रधातूतले शिसे अन्नात उतरू शकते, म्हणून त्यात काही गोठवू नये. नक्षी हवीच असेल तर त्या साच्यावरून खाद्यपदार्थांसाठीच्या सिलिकॉनचा नवा साचा कारागिराकडून करून घेता येतो. तसे करण्यापूर्वी जुना साचा पातळ, खाद्योपयोगी आवरणाने झाकून घ्यावा आणि मग मिश्रण सरसरीत झाल्यावर भरावे, काढताना पाणी गारच घ्यावे.